सावकाश ओढण्याची स्पर्धा

२ सप्टेंबर
आजपासून तंबाखूची नोंद शास्त्रशुद्ध ठेवायची. नुसतं ओढणं ही सवय, तुलना करून ओढणं हा अभ्यास. हे वाक्य बायकोला ऐकवलं. ती म्हणाली, अभ्यास बाल्कनीत करा.
आजचा डबा: व्हर्जिनिया. वास वाळलेल्या गवताचा, मागून किंचित मनुका. गुण सात.
बायको रात्री खोकत होती. पडदे धुवायला झालेत.

६ सप्टेंबर
दुकानदाराने दोन सिगार दिले. एक लांबडा, एक बुटका. लांबड्याला कॉफीचा वास, मागून बदाम. बुटक्याला नीट नाव सुचेना, म्हणून बायकोला हुंगायला दिला. म्हणाली, भिजलेला बूट. मी वहीत 'चामडं' असं लिहिलं. नाक मुळात चांगलं आहे तिचं, फक्त तालीम नाही.
पाइपचा नाद तिनेच लावला, हे इथे नोंदवून ठेवतो. सिगारेट सुटावी म्हणून पन्नासाव्या वाढदिवसाला तिने मला पाइप दिला. सिगारेट सुटली. दिलेला शब्द मी पाळला आहे.

११ सप्टेंबर
बायकोला डॉक्टरकडे नेलं. दमा म्हणतात. डॉक्टर हल्ली कशालाही दमा म्हणतात. घरात कुणी ओढतं का, असं विचारलं. मी खरं तेच सांगितलं: घरात कुणी नाही, मी बाल्कनीत ओढतो. डॉक्टरने लिहायचं पेन खाली ठेवलं.
हवेत ओलावा राहावा म्हणून मशीन घ्यायला सांगितलं. ताबडतोब घेतलं. अशा वेळी मी खर्चाकडे बघत नाही.

१३ सप्टेंबर
मशीन झकास. बायकोच्या उशाशी ठेवलं आहे. सिगारची पेटीही तिथेच ठेवली, कारण सिगारलाही ओलावा लागतो. बायकोने पेटी उचलून बाहेर ठेवली. मी परत आत ठेवली. असं तीनदा झालं. मग ती बाहेरच्या खोलीत झोपली.

२० सप्टेंबर
ऑफिसात तक्रार आली. मी लिफ्टची तपासणी करतो. केबल, ब्रेक, दारं, आणीबाणीची घंटा, सगळं पाहून सही करतो. एका इमारतीतल्या रहिवाशांनी लिहिलंय की साहेब तपासून गेल्यावर लिफ्टला आठवडाभर वास येत होता. मी तिथे ओढली नव्हती. पाइप फक्त खिशात होता. लिफ्ट सुरक्षित आहे की नाही, यावर अक्षर नाही. लोकांना केबलशी देणंघेणं नाही, वासाशी आहे.
वरिष्ठ म्हणाले, कोट धुऊन घ्या. मी म्हटलं, बघू.
संध्याकाळचा डबा: लटाकिया. वास विझलेल्या शेकोटीचा, मागून डांबर. गुण नऊ.

४ ऑक्टोबर
बायको तिच्या थोरल्या बहिणीकडे गेली. हवापालट. दुसरं काही नाही. दारात म्हणाली, रात्री उठून बसावं लागतं हो मला. घरातला वास गेला की कळवा, मी येईन.
साधी अट आहे. मी म्हटलं, आठ दिवसांत घर आरशासारखं करतो. ती म्हणाली, आरशाला वास नसतो, तेवढं करा.
स्वभावाने विनोदी आहे ती. लोकांना माहीत नाही.

५ ऑक्टोबर
पडदे काढले. ओढणं पूर्ण बंद.

५ ऑक्टोबर, संध्याकाळी
एकदम बंद केलं तर शरीराला धक्का बसतो. हळूहळू बंद.

१२ ऑक्टोबर
बाल्कनीत वारा फार. वाऱ्याने तंबाखू भरभर जळते, जीभ पोळते, तुलना चुकते. तात्पुरता आत बसतो. खिडकी उघडी ठेवतो. निदान ठेवायचं ठरवलं आहे.
पडदे अजून बादलीत.

१९ ऑक्टोबर
रविवारी बायकोचा फोन असतो. आज विचारलं, वास कसा आहे. मी म्हटलं, उतरतो आहे. तिथे गेल्यापासून ती रात्रभर झोपते म्हणे. बघा, हवापालटाचा गुण येतोच.
जेवणाचं तिने विचारलं. मी म्हटलं, उत्तम. पाव आणि अंडं. काल अंडं आणि पाव.

२६ ऑक्टोबर
डबे वाढलेत. तंबाखूला अंधार आणि गारवा लागतो. घरात अशी जागा एकच, बायकोचं कपाट. स्वेटरांच्या खालचा कप्पा रिकामाच होता. डबे तिथे छान बसले. कपाट उघडल्यावर एकटं वाटत नाही, हा आणखी एक फायदा.

३ नोव्हेंबर
मोठी बातमी. दुकानदार सावकाश ओढण्याची स्पर्धा घेतो आहे. सगळ्यांना सारखे पाइप, तोलून सारखी तंबाखू आणि सुरुवातीला दोनच काड्या. ज्याचा पाइप सगळ्यात शेवटी विझेल तो जिंकला. खुर्ची सोडली की बाद. तारीख ७ डिसेंबर. बक्षीस चांदीचा मुलामा दिलेला कप.
ही माझ्यासाठीच आहे. सावकाशपणा हा माझा स्थायीभाव. लग्नाला हो म्हणायलाही मी पाच महिने लावले होते आणि तोवर बायको थांबली होती.
पत्रक फ्रिजवर चिकटवलं.

४ नोव्हेंबर
सगळा पेच सुटला. स्पर्धा जिंकायची आणि त्याच दिवशी पाइप सोडायचा. दुपारी विजेता, संध्याकाळी संन्यासी. मग घर धुवायचं, बायकोला आणायचं, कप दिवाणखान्यात. आधी सोडून काय उपयोग? सरावाशिवाय जिंकणार कसा?

१५ नोव्हेंबर
सराव जोरात. झुरका असा घ्यायचा की घेतला हे पाइपलासुद्धा कळू नये. बोलायचं नाही, बोललं की लय जाते. घरात बोलायला कुणी नाहीच, तेव्हा परिस्थिती अनुकूल.
आता पलंगावर बसून ओढतो. पाठीला टेकू मिळतो. खिडकी बंद, कारण स्पर्धेतही खिडक्या बंद असणार आहेत.
खरा प्रतिस्पर्धी एकच. दुकानात येतो, आम्ही त्याला 'इंजिन' म्हणतो. भकाभक सोडतो. घाबरण्यासारखं काही नाही.

२३ नोव्हेंबर
बायकोच्या फोनमध्ये आज काहीतरी होतं. आधी म्हणाली, ताईच्या घरात करमत नाही. मग म्हणाली, तुमची घोरण्याची सवय झालीये, शांत झोपेत मध्येच जाग येते. मग विचारलं, वास गेला का हो?
मी म्हटलं, गेला.
म्हणाली, खरं?
मी म्हटलं, तुला खोटं कशाला सांगू?
हे खोटं नव्हे. आगाऊ सांगितलेलं खरं आहे. ती पंधरा-वीस दिवसांत येते म्हणाली. तोवर ७ तारीख उलटून गेलेली असेल. फोन ठेवल्यावर तिची उशी झटकली.

३० नोव्हेंबर
पडदे बादलीतून काढले. त्यांना आता वेगळाच वास येतो. पुन्हा बादलीत.

७ डिसेंबर, सकाळी
आजचा दिवस. दाढी, इस्त्रीचा शर्ट. कपासाठी टेबलावर जागा केली. संध्याकाळी पाइप, डबे, सिगार, सगळं दुकानदाराला परत. बायकोला फोन करून म्हणणार, जिंकलो आणि सोडलं. एका दमात दोन्ही.

७ डिसेंबर, संध्याकाळी
उद्या लिहितो.

८ डिसेंबर
उद्या.

९ डिसेंबर
आज क्रमाने लिहितो.
दुकानाच्या वरची खोली. आम्ही बाराजण, गोलात खुर्च्या. मी एकाच काडीत पेटवला. दुसरी कानावर ठेवली, रुबाब म्हणून. इंजिन लवकरच बाद झाला आणि मोठ्याने हसला. एकेक जण गळत गेला. जे बाद होत ते तिथेच बसून आपापले पाइप ओढत, त्यामुळे समोरची भिंत दिसेना. मी डोळे अर्धे मिटून बसलो होतो. सराव कामी येत होता.
मग दार उघडलं. बायको. हातात बॅग.
माझ्या मनात आलं, ही मला जिंकताना बघायला आली. किती आनंद झाला ते लिहून ठेवतो, कारण तो आनंद तरी खोटा नव्हता. दोन महिन्यांत पाहिलं नव्हतं तिला. गालांवर रंग आला होता. निळा कोट घातला होता, बाहेर जायचं असलं की घालते तो.
तिथूनच म्हणाली, अहो, जरा बाहेर येता का?
मी हात वर केला. थांब. एवढंच. बोलायला नियमाने बंदी नव्हती. पण लय गेली असती.
ती थांबली. मग खोकला सुरू झाला. तिने नाकाला रुमाल लावला. कुणीतरी खुर्ची पुढे केली, ती बसली नाही. मी पुन्हा हात वर केला आणि दोन बोटांनी दाखवलं, थोडंच राहिलंय. ती माझ्याकडे बघत होती. चिडलेली नव्हती. चिडलेली ती मला ओळखू येते, तिला समजावताही येतं. हे बघणं निराळं होतं. मग तिने बॅग उचलली आणि जिना उतरली. खोकल्याचा आवाज खालपर्यंत येत होता.
मी बसून राहिलो. म्हटलं, जिन्याखाली थांबली असेल, थेट कप घेऊनच उतरू.
जरा वेळाने दुकानदार आला. तोच परीक्षक. कानाशी वाकून हळूच म्हणाला, साहेब, धूर दाखवा. मी झुरका घेतला. काहीच आलं नाही. त्याने पाइपच्या वाटीला अंगठा लावला, मग माझाही लावला. गार होती. म्हणाला, मघाशीच विझलाय हा. बाई दारात आल्या, त्याच्याही आधी. मला वाटलं, तुम्ही आता उठालच, म्हणून बोललो नाही.
मी जिना उतरलो तेव्हा खाली कुणी नव्हतं.

१० डिसेंबर
रोज फोन करतो आहे. आज मेहुणीबाईंनी उचलला. माझ्यापेक्षा वयाने मोठ्या, पण आजवर कधी आवाज चढवला नाही. आजही चढवला नाही. म्हणाल्या, ती परवाच्या रात्रीपर्यंत तोंडाला वाफेचा मुखवटा लावून होती, आता बरी आहे.
मग सांगितलं की त्या दिवशी ती आधी घरी गेली होती. मला चकित करायचं म्हणून लवकर आली. किल्ली होतीच तिच्याकडे. घरात पाऊल टाकलं तेव्हाच तिला कळलं. पलंग पाहिला. फ्रिजवरचं पत्रक पाहिलं. तरी ताईला फोनवर म्हणाली, आलेच आहे तर एकदा तोंडाने विचारून येते.
मी म्हटलं, तिला सांगा, मी सोडलंय. खरंच सोडलंय. परवापासून एक झुरका घेतलेला नाही.
मेहुणीबाई म्हणाल्या, सांगितलं असतं, पण तिने तुमच्यासाठी आधीच निरोप ठेवलाय. सावकाश ओढा, म्हणाली, आता घाई नाही.
मग म्हणाल्या, तिचे स्वेटर तेवढे पाठवून द्या. थंडी वाढलीये. धुऊन पाठवा.
मला वाईट वाटतं आहे. याला दुसरा शब्द शोधत होतो, सापडला नाही.

१३ डिसेंबर
डबे, पाइप, सिगार, सगळं दुकानदाराला नेऊन दिलं. तिने दिलेला पाइपही. तो दुकानदाराने परत माझ्या खिशात घातला. पडदे फेकून दिले. भिंती पुसल्या. पंखे पुसले. फडकं पिवळं झालं. मी खोकलो थोडा. धुळीने.
लिफ्टच्या तपासणीला गेलो होतो. दार बंद झाल्यावर एक बाई आपल्या माणसाला म्हणाल्या, कसला तरी वास येतोय. कोट चार वेळा धुतला आहे.

१४ डिसेंबर
स्वेटर काढले. तीन आहेत. राखाडी, हिरवा आणि तिने स्वतः विणलेला, एक बाही जराशी लांब झालेला. धुण्याआधी हुंगून पाहिले. वाटलं, निदान एकात तरी ती असेल.
पद्धतशीर केलं. नाकाला विश्रांती दिली. पाणी प्यायलो. स्वतःचं मनगट हुंगलं, त्याने नाक ताजं होतं. पुन्हा हुंगलं. आधी कॉलर, मग काखा, मग बाह्या. गवत ओळखू आलं. डांबर आलं. मनुका, कॉफी, भिजलेला बूट, सगळे आपापल्या जागी. एकेकाची ओळख मी तीन महिने लावून घेतली होती.
तिचा वास कसा होता ते मला आठवेना. चौतीस वर्षं शेजारी झोपलो आहे. नोंद कधी केली नव्हती.
धुतले. वाळत घातले. तंबाखूचा वास तसाच.

१५ डिसेंबर
पुन्हा धुतले. कमी झाला.

१६ डिसेंबर
तिसऱ्यांदा धुतले. दिवसभर बाल्कनीत होते. संध्याकाळी काढले आणि सवयीने लांब बाहीपासून सुरुवात केली. तंबाखू पूर्ण गेली. जे करायला तिने ऑक्टोबरात सांगितलं होतं ते करता येत होतं, तीन दिवसांत.
त्या वासाच्या खाली तिचं काही शिल्लक होतं का, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.
घड्या घातल्या. खोक्यात ठेवले. उद्या पाठवतो.
वास: साबणाचा. मागून काही नाही.