कमलच्या कानाची चिठ्ठी

कारंजा, ८ जुलै १९७४
कमलला चार वर्षं पूर्ण झाली. अजून 'आई' म्हणत नाही. हे कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर, म्हणून विम्याचं कार्ड आहे. पण विम्याच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिल्याशिवाय अकोल्याचे मोठे डॉक्टर पाहत नाहीत. आमचे विम्याचे डॉक्टर म्हणतात, "काही पोरं उशिरा बोलतात, बाई. घाई कायले करता?" टॉनिकची तिसरी बाटली.

१९ जुलै
दवाखान्यात घरून ताट नेलं. कमल खिडकीतून बैल पाहत होती. मागून पळीनं ताट ठोकलं. बाकावरची माणसं दचकली, कंपाउंडरच्या हातची शिशी पडली. कमल बैलच पाहत होती.
डॉक्टर उठले. स्वतः टाळी वाजवली, दोनदा. मग खाली मान घालून चिठ्ठी लिहिली. "मीच आधी पाह्यलं पाहिजे होतं." भांडायच्या तयारीनं गेली होती. चिठ्ठी घेऊन घरी आली.

२ ऑगस्ट, अकोला
कारकून म्हणाला, कार्डावर मुलीचं नाव नाही. थोरल्या पोराचं आहे. यांचं तोंड उतरलं. "पोरगी म्हून नाई, साहेब. राहून गेलं." कारकुनानं कमलकडे पाहिलं. नाव चढवायचा अर्ज त्यानंच लिहिला अन् आत सोडलं.
कानाचे डॉक्टर म्हातारे. पाठीमागून घंटी वाजवली. नाही. खुळखुळा. नाही. ढोलकीला वळली. वळली!

४ ऑगस्ट
परवा पुढचं लिहवलं नाही. औषध नाही, ऑपरेशन नाही. थोडं ऐकू येतं, तेवढंच.
डॉक्टरांना विचारलं, ही पोटात असताना मला ताप होता, त्यानं झालं का? म्हणाले, "शोधून काय होणार? तुमच्या हातून काही चुकलेलं नाही. आता समोर बसून बोला. तुमचे ओठ दिसले पाहिजेत तिला."
नागपुरात अशा मुलांची शाळा आहे. तिथंच राहायचं. फॉर्म दिलाय. महिन्याभरात कळवायचं.

११ ऑगस्ट
सासूबाई : "मुक्या लेकरले परक्यात ठेवता? दुखलं-खुपलं कोणाले सांगन ते?"
हे : "अन् आपल्यापाशी राहून बोलन काय?"
दोघांचंही खरं. मी भाकरी थापत राहिली.

२५ ऑगस्ट
रोज समोरासमोर. पाणी. भाकर. 'पा' ला ओठ बरोबर जुळवते. आवाज निघतो, पण आपल्यासारखा नाही. आज सासूबाईच तिची हनुवटी धरून बसल्या. "आजी म्हण माय, आजी."

१ सप्टेंबर
फॉर्म उद्याच्या टपालात गेला तरच पोचेल. हे म्हणाले, "सही तूच कर. तुले तिचं जास्त समजते." अन् बाहेर जाऊन बसले.
पेन उघडलं. कमलला वाटलं शिकवायची वेळ झाली. येऊन समोर बसली, तोंडाकडे पाहत. काय म्हणू? म्हटलं, "नागपूर."
तिनं ओठ हलवले. मी पुन्हा म्हटलं. पुन्हा हलवले, अन् शाबासकीसाठी माझ्याकडे पाहून हसली.
सही अजून व्हायची आहे.