मर्व्हिन पुन्हा फाटकात मेला

४ ऑगस्ट १९४३, बुधवार
मर्व्हिन आज पुन्हा मेला! सव्वासहालाच, आमच्याच फाटकात.

पोराची पलटण जहाजावर आहे. लढाईला कुठं उतरायचं ते गुपित. तोवर तालीम — जहाज रात्रभर समुद्रात गोल फिरतं आणि पहाटे पोरांना आमच्याच किनाऱ्यावर उतरवतं. दंडाला पांढरी पट्टी बांधलेला कॅप्टन पंच. तो बोट दाखवेल तो मेला! शिट्टी होईपर्यंत हलायचं नाही. मी कालची बिस्किटं घेऊन गेले तर म्हणाला, "बाई, मेलेल्यांना खायला घालू नका."
"मेला असेल, पण भुकेला आहे," मी म्हटलं.

६ ऑगस्ट, शुक्रवार
पुन्हा तिथंच! गोळ्या सुटताहेत, सगळे फाटकातून आत धावतात आणि हा मागं वळून कडी लावतो.
"आई, डेझी बाहेर जाईल ना! फाटक उघडं टाकलं म्हणून तूच कानफटात दिली होतीस."
दिली होती. गाय काय फुकट येते?

शेजारची आयव्ही कुंपणावरून — "तुझा कितीला मेला गं?"
"सव्वासहाला."
"माझा पाण्यातच. तुझा निदान घरापर्यंत तरी पोचतो!"

८ ऑगस्ट, रविवार
प्रार्थनेत लक्ष नाही. पाद्री पुनरुत्थानावर बोलत होते. माझा या आठवड्यात दोनदा उठलाय.
पण प्रभू, खऱ्या किनाऱ्यावरही फाटकं असतील. तिथं शिट्टी नाही.

९ ऑगस्ट, सोमवार
मेला. कडी लावून.

१० ऑगस्ट, मंगळवार
आजही मेला. शिट्टीला अवकाश होता, म्हणून त्याच्याशेजारी गवतात बसले. म्हटलं, "यापुढं फाटक उघडं टाकायचं. मागं बघायचं नाही."
"आणि डेझी? कोबी खाईल."
"खाऊ दे!" — हे मी म्हटलं!
तो खो खो हसला. पंच ओरडला, "ए, मेलेल्यानं हसायचं नाही!"
देवा, जास्त मागत नाही. एकदा त्याला जिवंत आत येऊ दे.

११ ऑगस्ट, बुधवार
आला! फाटक सताड उघडं टाकून, परसातून थेट टेकडीवर! पंचानं बोट उचललं होतं, खाली घेतलं. डेझीनं कोबीचे तीन गड्डे खाल्ले. देवाची स्तुती असो! महिन्याची उरलेली सगळी साखर केकमध्ये घातली. उद्या उतरला की देईन.

१२ ऑगस्ट, गुरुवार
आयव्हीचा पोरगा तिच्या व्हरांड्यात चहा पितोय. काल मेलेल्यांना इथंच तळावर ठेवलं, म्हणाला. जिवंत होते तेवढेच परत जहाजावर नेले.

आज पहाटे आमच्या किनाऱ्यावर कुणी उतरलं नाही.