थैलीतला मार

बाबा, आज बँकेत पाच रुपयांच्या नव्या नाण्यांचं पाकीट फोडलं. काउंटरवर गर्दी नव्हती, म्हणून एकेक नाणं खिडकीकडे तिरपं करून पाहत बसले. तुम्ही असता तर खूश झाला असता. लेक भंडाऱ्यात कॅशियर झाली म्हणून नव्हे, अजून नाणं कडेनं धरते म्हणून. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आपलं भांडण संपलेलं नाही. माझ्या बाजूनं तरी नाही, आणि मी ते संपवणारही नाही.

चिखल्याच्या खाण कॉलनीतलं आपलं स्वयंपाकघर. रविवारची सकाळ आहे, आई भाजी चिरते आहे, आणि तुम्ही तुमसरच्या बँकेतून आणलेलं पाकीट जुन्या मऊ लुगड्यावर ओतता. आठवडाभर खाणीच्या अंधारात राबणारा माणूस सुटीच्या दिवशी उजेडात नाणी बघत बसतो, म्हणून शेजारी हसायचे. "नवं हाय म्हणून चांगलं हाय असं नसते," तुम्ही मला सांगता. "टाकसाळीतून येतानी थैलीत एकमेकांवर आपटतेत. हे पाह्य, मार लागला." वापरून झिजलेल्या नाण्याचा उठावाचा भाग आधी मंद पडतो, थैलीत मार लागलेल्याची चमक तशीच राहते, फक्त मधे ओरखडा दिसतो. हे मी पाढ्यांच्याही आधी शिकले. बिनओरखड्याचं एखादंच नाणं तुमच्या डबीत जायचं, बाकीची किराणा दुकानात. एकदा मी चिंच लावून एक नाणं लख्ख केलं, तर केवढे चिडलात! "घासल्यानं डाग जात नाही, पोरी. असली चमक जाते."

मग मी लग्नाची झाले, आणि मला पाहायला ते पाहुणे येणार होते. माझ्या डाव्या गालावरचा व्रण तुम्हाला माहीतच आहे. लहानपणी सायकलवरून मँगनीजच्या दगडांवर पडले होते. त्या दिवशी सकाळपासून आई त्या गालाला बेसन आणि साय चोळत होती, आणि तुम्ही माझी खुर्ची उचलून डावा गाल भिंतीकडे येईल अशी फिरवलीत. "इकडून बस. डावा गाल उजेडात येऊ देऊ नको." माझं डोकंच फिरलं.

"घासू नये म्हणता न बाबा, मंग मले काहून घासून राहिले?"

"तू पोरगी हाय, नाणं नाही. चूप बस."

"मंग नाण्यावानी तिरपं करून कायले पाहून राहिले तुम्ही मले?"

पाहुणे दारात आले तेव्हा मी खुर्ची खिडकीसमोर ठेवली आणि डावा गाल उजेडात धरून बसले. ते चहा पिऊन गेले, ते गेलेच. "नाक कापलं माझं," एवढंच तुम्ही बोललात, आणि पुढचे कितीतरी रविवार पाकीट आणलं नाहीत.

आजही तेच करीन, बाबा. ओरखडा थैलीत लागतो, त्यात नाण्याची चूक नसते हे तुम्हीच शिकवलंत, आणि घरच्या पोरीच्या वेळी विसरलात. मला ते माफ करता येत नाही, करायचंही नाही. लग्न मी माझ्या पसंतीनं केलं, विहारात. नवऱ्यानं व्रणाबद्दल पहिल्याच भेटीत विचारलं होतं. मी सांगितलं, विषय संपला. तुमची डबी आता माझ्याकडे आहे. आज स्वतःचे पाच रुपये भरून पाकिटातलं सगळ्यात जास्त मार लागलेलं नाणं घरी आणलं आणि तुमच्या निवडक नाण्यांच्या मधोमध ठेवलं. मुद्दाम.

हा कागदही घडी घालून त्याच डबीत राहील. फक्त एक गोष्ट, जी मी कुणालाच सांगितलेली नाही. माझ्या लग्नाचे फोटो पाहायला तुम्ही नव्हता. एकूण एक फोटोत मी उजवा गाल पुढे केला आहे. फोटोवाल्यानं तसं काही सांगितलं नव्हतं.