आ-जिनचं घर

४ ऑक्टोबर

पोचले एकदाची. तायचुंगहून निघताना आईने दहा वेळा बजावलं होतं, परक्याच्या घरी महिनाभर राहायचंय, जपून राहा. पण फान मालकांना पाहिलं आणि आईची काळजी फुकट गेली असं वाटलं. स्वतः निळा टेम्पो घेऊन मेइनोंगच्या बस स्टँडवर उभे होते. साठीचा, मोठ्या आवाजाचा, दणकट माणूस. माझी करवत, ड्रिल, हत्यारांची पेटी एकट्याने उचलून टेम्पोत टाकली आणि म्हणाले, "एवढीशी पोर, आणि अजगराला घर बांधणार?" मी म्हटलं, बेचाळीस बांधलीत, एकाही भाडेकरूची तक्रार नाही. वाटभर हसत होते.

पोकलेन भाड्याने द्यायचा त्यांचा धंदा होता, तो आता पुतण्याकडे दिलाय. घरामागे तंबाखू वाळवायची जुनी उंच इमारत आहे, तिच्या तळमजल्यावर मला काम करायचंय. माझी खोली घराच्या माळ्यावर. खिडकीतून तळी दिसतात, त्यांत बायका छातीभर पाण्यात उभ्या राहून पाणकमळाचे देठ उपटत असतात. मालकीणबाई, सु-लान ताई, कमी बोलतात. दुपारी मात्र त्यांनी तांदळाच्या रुंद शेवयांचा वाडगा दोनदा भरला.

आणि आ-जिन! पाच मीटरची सोनेरी अजगरीण, दुधाळ पिवळी, देखणी. पण ठेवलीय मात्र त्याच जुन्या इमारतीत, लोखंडी पेटाऱ्यात. नीट वळतासुद्धा येत नाही बिचारीला. जाळीवर घासून नाकाडाला जखम झालीय, पोटावर दिव्याने भाजल्याचे डाग आहेत, जुनी कात अंगाला चिकटलीय. थांब बाई, तुझे दिवस पालटले.

७ ऑक्टोबर

आराखडा पक्का झाला. साडेचार मीटर लांब, दोन रुंद, दोन उंच. तिन्ही बाजूंना जाड प्लायवूड, आतून पाणी न शिरणारा रंग, समोर दहा मिलीमीटरची सरकती काच. एका टोकाला एकतीस-बत्तीस अंश, दुसऱ्या टोकाला सव्वीस, म्हणजे तिला हवं तिथे ती सरकेल. दिवे जाळीआड, पुन्हा भाजायला नको. लपायला मोठा लाकडी खोका, डुंबायला कुंड, खाली नारळाचा भुसा, वर हवेसाठी झरोके. दार बाहेरून कुलपाचं.

मालकांना काचेसमोर दोन आरामखुर्च्या हव्यात. म्हणाले, "तू तिला हॉटेल बांधतेयस, मग मला सिनेमा नको का?"

ते गेल्यावर सु-लान ताई चहा घेऊन आल्या. आराखडा बराच वेळ बघत राहिल्या आणि विचारलं, "दार आतून उघडेल का?"

मी हसले. म्हटलं, ताई, सापाला कडी कशाला? त्या हसल्या नाहीत. कप उचलून गेल्या.

११ ऑक्टोबर

सांगाडा उभा राहिला. रंगाचा पहिला हात झाला. काम उत्तम चाललंय. आज मात्र मन ठिकाणावर नाही.

मालकांनी आ-जिनला जेवू घातलं. मी सांगितलं होतं की मेलेलं जनावर कोमट करून लांब चिमट्याने द्या. त्यांनी जिवंत बदक टाकलं, तेही पंख मोडून. का मोडले विचारलं तर म्हणाले, "लवकर संपलं तर काय मजा!" बदक कोपऱ्यात खुरडत होतं. आ-जिनने झडप घातली ती पाठीवर. मान मोकळी राहिली, म्हणून ते ओरडत राहिलं. मालक खुर्चीवर पुढे झुकून बघत होते. तोंड किंचित उघडं. मी पेटाऱ्याकडे गेले तर माझं मनगट धरलं. हसत हसतच धरलं होतं, पण सुटल्यावर पाच बोटं उमटलेली होती.

ताई स्वयंपाकघरात रेडिओ मोठा करून बसल्या होत्या.

१५ ऑक्टोबर

ताई दोरीवर चादरी टाकत होत्या, बाही वर सरकली. दंडावर बारीक टोचल्यासारख्या खुणा, अर्धगोल, रांगेने. मी या धंद्यात आठ वर्षं आहे, अजगराचा चावा ओळखायला चुकत नाही. म्हटलं, भरवताना चावली का? हो म्हणाल्या. मग वाकल्या तेव्हा गळ्यामागून पाठीवर तशाच खुणा दिसल्या. दोन जुन्या. एक ताजी.

पाठीवर चावा घेऊन कोण कुणाला भरवतं?

१७ ऑक्टोबर

मालक काओश्युंगला गेले होते. ताई माझ्या शेजारी भुशाच्या पोत्यावर बसल्या आणि आपणहून बोलल्या. आवाज अगदी सपाट, भाजी निवडताना बोलावं तसा.

पेटाऱ्याच्या वर पोटमाळा आहे. आधी तिथे जाळी मारलेली कोठी होती, आ-जिन तिथे असायची. मालक चिडले की ताईंना आत ढकलून कडी लावत. पहिल्यांदा भातात खडा निघाला म्हणून, दहा मिनिटं. मग बहिणीला फोन केला म्हणून, तासभर. शेवटच्या वेळी आ-जिनला महिनाभर उपाशी ठेवलं होतं. तिने ताईंना विळखा घातला तेव्हा फळी मोडून दोघी खाली आल्या, म्हणून वाचल्या. त्यात कोठी गेली. म्हणून तर नवं घर हवंय.

म्हणजे मी काय बांधतेय!

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता चला, तायचुंगला माझ्या आईकडे. त्या म्हणाल्या, "दोनदा गेले होते गं. दोन्ही वेळा फुलं घेऊन न्यायला आला. आईनेच माझी पिशवी भरून दिली." मग परत तेच: "दार आतून उघडेल का?"

संध्याकाळी आतल्या बाजूने खिट्टी बसवली. भुशाच्या पातळीला, सहज दिसणार नाही अशी.

२० ऑक्टोबर

डाव्या हाताने काही करता येत नाही. उजव्याने लिहितेय.

मालकाला खिट्टी सापडली. ओरडला नाही. ग्राइंडर मागितला, स्वतः कापून काढली, जागा घासून गुळगुळीत केली. मग म्हणाला, काच नीट सरकते का बघू, जरा चौकट धर. मी धरली. त्याने काच सरकवली. पूर्ण जोराने. मग परत मागे घेतली आणि पुन्हा एकदा.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. हाड बाहेर आलं होतं.

त्यानेच टेम्पोतून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांना सांगितलं, काच निसटली, हल्लीच्या पोरी ऐकत कुठे. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

मी मान डोलावली!

फोन त्याच्याकडे आहे. "हात बरा होईपर्यंत आराम कर," म्हणाला.

२३ ऑक्टोबर

काल ताईंनी त्याला विचारलं, हिला घरी जाऊ दे ना. त्याने उकळत्या शेवयांचं पातेलं त्यांच्या पायावर ओतलं. मग मलमही त्यानेच लावलं.

आ-जिनला बारा दिवस काही दिलेलं नाही. म्हणतो, परवा गृहप्रवेश.

कुणाचा, ते बोलला नाही.

२५ ऑक्टोबर

सगळं लिहायचं. क्रमाने.

सकाळी अकरा. तिला हलवायचं होतं. तो डोक्याकडे, ताई मधे, मी शेपटीकडे. त्याचा फोन ट्रायपॉडवर, चित्रण चालू. जवळ गेले तर त्याच्या शर्टाला बदकाचा वास. शर्ट ताईंनीच सकाळी हातात दिला होता. मी ताईंकडे पाहिलं. त्यांनी पाहिलं नाही.

नव्या घरात ठेवली तिला. शांत होती. तो आत उभा राहून फोनकडे बघत हसला, मुका घेतल्यासारखं तोंड तिच्याजवळ नेलं. तिने खांदा धरला. एका झटक्यात तीन वेढे. तो भुशात पडला. बरगडी मोडल्याचा आवाज आला, सुक्या बांबूसारखा. मग दुसरी. तोंड जांभळं झालं, डोळे बाहेर.

मी पळाले. काच पुसायचं स्पिरिट आणलं, तिच्या जबड्यात ओतलं. मीच. दुसरं सुचलंच नाही. तिने खांदा सोडला, वेढे सैल पडले. ताई त्याला ओढायला वाकल्या. खरंच ओढायला वाकल्या होत्या, मी पाहिलं.

त्याचा एक हात सुटला. त्या हाताने त्याने ताईंचे केस धरले आणि डोकं चौकटीवर आपटलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा आपटताना हसायला बघत होता, पण श्वास नव्हता. ताईंच्या कपाळाची कातडी लोंबत होती. मी त्याच्या बोटांना चावले. कडकडून. तोंडात रक्त आलं. ताईंना बाहेर ओढलं आणि काच लावली.

कुलूपही मी लावलं. ताईंनी नाही. मी.

आ-जिन खोक्यात जाऊन बसलीय. तो भुशात पडलाय.

ताईंनी चावी माझ्या हातातून घेतली.

२६ ऑक्टोबर

जिवंत आहे.

काचेवर ठोकतो. झरोक्यातून ऐकू येतं. म्हणतो, कमरेखाली काही कळत नाही. मग म्हणतो, बाहेर आलो की आधी तुझे डोळे काढीन, मग हिचे. मी दोनदा दारापाशी गेले. दोन्ही वेळा त्याने असंच काही म्हटलं, मी मागे आले.

ताई काचेसमोर, त्याच्याच खुर्चीत. कपाळाला फडकं. त्याच्या टेबलात माझा फोन सापडला. पोलिसांना लावू म्हटलं. "लावू. थोड्या वेळाने," म्हणाल्या.

संध्याकाळी कचऱ्याची गाडी आली, तिचं गाणं वाजलं. आळी पिशव्या घेऊन जमली. तो जीव तोडून ओरडत होता. ताई टोपी घालून गेल्या, पिशवी टाकली. शेजारीण म्हणत होती, मुळ्याचं बी पेरलं का? हो, म्हणाल्या. गाणं संपेपर्यंत गप्पा मारल्या.

२७ ऑक्टोबर

मी शेवया केल्या. आम्ही खाल्ल्या. तो बघत होता.

ठोके कमी झालेत. मोजू नको म्हणतात ताई.

आत एकतीस अंश. काच धुरकट झालीय, तिच्यावर त्याचे हात उमटतात. सगळं नीट चाललंय आत. एक फट नाही. मी बांधलंय.

फोन माझ्या खिशात आहे. कुणी अडवलेलं नाही मला. मग मी का—

२८ ऑक्टोबर, दुपार

ताई झोपल्या. तीन दिवसांत पहिल्यांदा. खुर्चीतच, मान टाकून. मुठीतली चावी खाली पडली.

तो आता धमक्या देत नाही. पाणी मागतो. कुंड पलीकडच्या टोकाला, तिथवर सरपटता येत नाही म्हणतो. "पोरी, एक घोट." रडतो.

मी खुनी नाही. मी काचघरं बांधते.

कुलूप काढलं. काच चार बोटं सरकवली. बाटली आत ठेवली, त्याने घेतली. "देव तुझं भलं करो" म्हणाला.

पोलिसांना फोन केला. निघालेत, वीस मिनिटं म्हणाले. ताईंचं नाव मी येऊ देणार नाही. दार मी लावलं, तेच सांगेन. हे त्यांना वाचायला देईन, म्हणून घाईने—

काच लावायला हवी. डाव्या हातात जोर नाही. एवढं वाक्य पुरं करते आणि—

पाणी पिण्याचा आवाज थांबला.

काचेवर सावली. केवढी उंच—

कमरेखाली काही कळत नाही म्हणाला होता.

उभा आहे तो. फटीतून चार बोटं बाहेर—

ताई उठा ता