दु:ख तुमच्याकडे उघडत नाही

वन्सं, नमस्कार.

तुमचे गुडघे आता जिन्याशी तडजोडीला आले असतील असं धरून चालते. लेक-जावई मजेत ना? मी ठीक आहे. जेवते, वाचते, रेडिओ अजून ह्यांना ऐकू येईल एवढा मोठा लावते (शेजारी बिचारे काही बोलत नाहीत).

आता भांडणाचं. परवा तुम्ही फोनवर कडाडलात, "वहिनी, सगळा शब्दकोश धाडलास आणि दु:ख तेवढं दाबून ठेवलंस!" मी म्हटलं, वन्सं, ते माझ्याकडे भरपूर आहे, हवं तेवढं न्या. तुम्हाला वाटलं मी थट्टा करतेय. फोन आपटण्याआधी तुम्ही म्हणालात, की जे शब्द मिळणार नाहीत ते मी माझ्या मनाने लिहून छापायला देईन. ते मात्र मला लागलं. ह्यांनी एकेका शब्दाच्या अर्थासाठी आठ-आठ दिवस घातले (तेवढ्यात घराला रंग देऊन झाला असता), आणि त्या जागी तुमचा अर्थ? रागावू नका, तुमचे अर्थ चांगले असतात, पण तापट असतात.

खरं सांगते, मी काहीही दाबलेलं नाही. तुमच्या जावयांना विचारा. ते तासभर समजावत होते आणि मी तासभर "हो हो" म्हणत होते. मला कळलं ते असं. कोशातल्या प्रत्येक शब्दाची वेगळी फाइल, आणि फाइलचं नाव म्हणजे तो शब्दच. हे आपल्या लॅपटॉपवरून ते सगळं एका सामाईक कपाटात ठेवायचे, आणि आता ह्यांच्या मागे पुढचं काम करायला तुम्ही तुमच्या लॅपटॉपवर ते काढून घेताय. कोणी काय, कधी बदललं ते कपाट लक्षात ठेवतं. (असं कपाट संसारात असतं तर आपली निम्मी भांडणं मिटली असती. किंवा दुप्पट झाली असती.) तर तुमच्या भावाला विसर्गाची कळ जन्मात सापडली नाही. विसर्ग आला की ते अपूर्णविराम ठोकायचे, दिसायला दोन टिंबंच. ह्यांच्या लॅपटॉपला ते चालतं. तुमच्या लॅपटॉपला फाइलच्या नावात अपूर्णविराम मुळीच खपत नाही, म्हणून दु:ख, स्वत:, अंत:करण आणि नि:शब्द हे चौघे दारातूनच परत.

"मामी, दु:ख आमच्याकडे उघडत नाही," जावई म्हणाले. मी म्हटलं, सुखी माणसं आहात. ते हसले नाहीत.

मला त्या टिंबांत फरकच दिसेना. मी शाळेत गेले नाही, पुड्यांचे कागद वाचत शिकले. तिथे दोन टिंबं ती दोन टिंबंच. भिंग घेऊन बसले. जावई म्हणे, विसर्ग अक्षराचा असतो, अपूर्णविराम नुसता शेजारी उभा असतो. मला दोघेही शेजारीच उभे दिसले.

तरी ते सांगतील तसं एक नाव बदलून पाहिलं. पडद्यावर लाल अक्षरं उमटली: जुनं 'दु:ख' काढून टाकलं, नवं 'दुःख', ह्याची ओळख नाही. मी घाबरून होतं तसं करून ठेवलं. जावई म्हणाले, मामी, आतलं एक अक्षरही हलत नाही, बदलतं ते नुसतं नाव. फक्त हा शेवटचा बदल तुमच्या नावावर लागेल. ते बरोबरच सांगत असणार. संध्याकाळी चारही शब्द नीट करते, उद्या तुम्हाला मिळतील. विषय संपला.

लेकीला आशीर्वाद. जावयांना सांगा, मामीला सगळं समजलं.

तुमची,
वहिनी

ता. क. मामीला काहीही समजलेलं नाही. पण तीन शब्द बदलले. स्वतः, अंतःकरण, निःशब्द पोचले का बघा. दु:खाला हात लावला नाही. तिथे शेवटचं नाव ह्यांचं आहे, त्यावर मी माझं कुठे लावू?

आणखी एक, आणि पत्र खरं त्याचसाठी. इकडे दु:ख लगेच उघडतं. तुम्हीच या. ह्यांच्या लॅपटॉपसमोर बसून वाचा, कागदावर उतरवून घ्या, छापखान्याला तेवढंच हवंय. चार दिवस राहा. अर्थ पटला नाही तर खुशाल भावाशी भांडा, मी मध्ये पडणार नाही.