चेहऱ्याची जागा

मुंबई, कोट
९ फेब्रुवारी १८३३

प्रिय जायजीबेनला धाकट्या हमाचे सलाम. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. तू पाठवलेलं गाजराचं लोणचं पोचलं. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या मायजींनी, बरणी आपल्या खाटेखाली ठेवली आहे, त्यामुळे मला वास तेवढा मिळतो.

चीनहून जहाज आलं. शेठनी पाठवलेल्या पेटीतून मायजींना शाल, नणंदांना पंखे आणि एक भलंमोठं चित्र निघालं. कँटनच्या चिताऱ्याने काढलंय. आमचे शेठ खुर्चीत बसलेत, पगडी अगदी हुबेहूब. शेजारी कशिद्याची साडी नेसलेली बाई, डोक्यावर पदर, रिकामे हात मांडीवर. पण बेन, तिला चेहराच नाही. त्या जागी नुसता कोरा रंग आहे.

मायजींना अक्षरओळख नाही, म्हणून शेठची पत्रं मीच वाचून दाखवते. शेठना वाटतं, मुनीम वाचतो. यंदाच्या पत्रात होतं की लग्न झालं आणि दोन महिन्यांत निघालो, त्याला पाच वर्षं झाली, हमाबाईचा चेहरा काही नीट आठवत नाही, तरी तेवढा तिकडच्याच चिताऱ्याकडून भरून घ्यावा. मी आवाज न बदलता वाचलं. मायजी म्हणाल्या, पाहुणे यायच्या आत उरकून घे.

तेव्हापासून ती बाई माझ्या स्वप्नात येते. नदीकाठच्या लांबलचक घरात आम्ही दोघी फिरतो, पडदे हलतात, पाण्याचा उजेड छतावर हलतो. लांबून शेठ येताना दिसतात आणि आमच्यातली मी कोणती, तेच मला कळत नाही. जाग आली की मागावर जाऊन बसते. दरवर्षीसारख्या शेठसाठी लोकरीच्या दोन कस्त्या विणायच्या आहेत. प्रार्थनेच्या वेळी दिवसातून कितीदा तरी शेठ ती पवित्र दोरी सोडतात, पुन्हा कमरेला बांधतात, पण विणली कोणी हे त्यांनी कधी विचारलं नाही. मायजी सांगत नाहीत, मी लिहीत नाही. त्यांनी एकदा तरी मला ओळखावं, एवढीच इच्छा आहे गं.

तिकडची माया अशीच राहू दे.
तुझी हमा

नवसारी
२ मार्च १८३३

लाडक्या हमीस जायजीचे पुष्कळ आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग रडले, तेवढ्यात दूध उतू गेलं. तुझे मेहुणे अग्यारीतून आले, तर त्यांच्यावरच डाफरले. बिचाऱ्यांना अजून कारण कळलेलं नाही.

बाबांचं एवढं नाक तुझ्या तोंडावर असताना माणूस ते विसरतो म्हणजे कमाल आहे! चिताऱ्यापुढे लगेच बसू नकोस. पाहुण्यांना म्हणावं, रंग ओला आहे.

आणि माझं ऐक, यंदा विणू नकोस. बाजारची कस्ती पाठव. पाच वर्षं त्या माणसाच्या कमरेला तुझ्या हाताचे वेढे आहेत आणि त्याला पत्ताच नाही. ते सुटू देत, मग बघू. तरी नाहीच कळलं, तर सरळ इकडे ये. माग आहे, मी आहे, आणि लोणच्याची बरणी कोणाच्या खाटेखाली नसते.

आठवण काढत जा. मी काढतेच.
जायजी

कँटन
२० डिसेंबर १८३३

मायजीस मंचेरजीचे सलाम. वि. वि.

तब्येत ठीक. चहाचा माल चांगला भरला. नदीवर धुकं फार पडतं, समोरचा काठ दिसत नाही.

एक तक्रार आहे. यंदाच्या कस्त्या कोणाकडून घेतल्या? सकाळी बांधली की दुपारपर्यंत गाठ ढिली होते, लोकरही टोचते. आधीच्या हाताला किती मऊ लागत. परक्या मुलखात गाठ मारताना घरी आल्यासारखं वाटे. या वर्षी तसं वाटत नाही, चैन पडत नाही. ती आधीची विणणारी कोण, हे मुनीमजींकडून जरूर कळवावे. तिच्यासाठी सोबत रेशमाचा ताका पाठवला आहे.

चित्रात हमाबाईचा चेहरा भरला असेलच.

आशीर्वाद असू द्यावेत.
मंचेरजी

मुंबई, कोट
१ मार्च १८३४

शेठ मंचेरजी यांना सलाम. वि. वि.

पत्र मायजींना वाचून दाखवलं. मुनीमजींना इथे कोणी पत्र वाचायला बोलावत नाही. सहा वर्षं तुमची सगळी पत्रं मीच वाचत आले, हेही आज कळवते. विणणारीचं नाव लिहू का, असं मायजींना विचारलं. त्या मानेनेच हो म्हणाल्या आणि यंदाच्या लोणच्याची बरणी माझ्या पुढ्यात सरकवली.

ताका पोचला. जिचा होता तिने ठेवून घेतला.

चितारी येऊन गेला. दुपारभर माझे हात बघत बसला. चित्रातल्या बाईच्या रिकाम्या हातांत त्याने अर्धी विणलेली कस्ती काढली आहे. चेहऱ्याची जागा मी तशीच ठेवायला सांगितली. मला फार वाईट वाटलं होतं, ते लपवत नाही. पण आता ती बाई स्वप्नात आली की आमच्यातली मी कोणती, ते मला कळतं.

नवी कस्ती मागावर आहे. ती जहाजाने येणार नाही, घरी येऊन घ्यावी. चेहऱ्याचं काय ते माझ्यासमोर बसून तुम्हीच चिताऱ्याला सांगा. डाव्या भुवईवर तीळ आहे, ओळखायला सोपं जाईल.

वाट पाहते आहे.
तुमची कस्ती विणणारी,
हमाबाई