रांगेतल्या चपला

अण्णा,

चार महिने पत्र टाळलं. अव्वाच्या डोळ्याचं ऑपरेशन माझ्यासारख्या धाकट्या लेकाच्यानं होणार नाही, असं तू म्हणाला होतास आणि दोनदा नंबर हुकवून मी ते खरंही केलं होतं.

मंगळवारी पहाटे हुबळीच्या सरकारी दवाखान्यात सगळ्यांसारख्याच मीही नंबर धरायला रांगेत चपला ठेवल्या, एक निळी, एक तांबडी. बाहेर दोन एडके टकरा खेळत होते, ते बघत बसलो. परतलो तर शिपायानं सगळ्या चपला कोपऱ्यात लोटलेल्या.

"चपलांना मोतीबिंदू झालाय का?" तो म्हणाला. "चिठ्ठ्या तीसच आहेत."

"झालाय आम्हाला, बाबा," गौरव्वा नावाची म्हातारी म्हणाली. "तरी या निळ्या-तांबड्यामागं माझी होती, एवढं दिसलं. हा बाविसावा, मी तेविसावी."

मग एकेकानं आपला आकडा सांगितला आणि रांग होती तशी लागली. शिपाई चिठ्ठ्या फाडू लागला.

काल ऑपरेशन झालं. आज पट्टी काढल्यावर अव्वा म्हणाली, "माल्त्या, चपलांचा जोड तरी एका रंगाचा घाल रे."

आत्ता ती खाटेवरून दाराकडे बघत म्हणतेय, "निंगप्पा आला." मी मान वर केली तर खरंच तू, पिशवी घेऊन उभा; तुला कुणी कळवलं कोण जाणे. तिनं माझ्याआधी ओळखलं तुला.

तुझा नालायक भाऊ,
माल्तेश